अल रीमवरून तीन हाका

मास्तर, तू मिरजेत जाऊन मेलास हे मला अजिबात आवडलेलं नाही.

असं कुणी लिहीत नाही, हे मला कळतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझ्यासाठी जे जे आलं ते सगळं हात जोडलेलं आणि फुलं वाहिलेलं आहे. कुणीतरी तुला 'अबुधाबीतल्या मराठी माणसांचा आधारवड' म्हटलंय. वड म्हणे. तुला बाल्कनीतली तुळस जगवता येत नव्हती, मेधा पाणी घालायची म्हणून ती तगली. मी त्या ग्रुपवर काहीच टाकलं नाही. टाइप करायचो, वाचायचो, पुसायचो. शेवटी फोन पालथा घातला आणि येरझाऱ्या घालायला लागलो, त्या अजून चालूच आहेत. आमच्या हॉलपासून तुझ्या दारापर्यंत, तुझ्या दारापासून लिफ्टपर्यंत आणि परत. मेधा म्हणते, एक तर बसा, नाहीतर खाली जाऊन चालून या. बसलो की उठावंसं वाटतं आणि खाली गेलो की वर यावंसं. हेही मी उभ्यानेच लिहितोय, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून.

तू चार दिवसांसाठी गेला होतास. तुझ्या थोरल्या भावाच्या, रमेशदादांच्या नातवाची मुंज. पाठीवर एक सॅक आणि हातात खजुराचा डबा. लिफ्टपाशी मी तुला म्हणालो, "गेलाच आहेस तर एखादा फ्लॅट बघून ये. दोन वर्षांनी रिटायर होशील, व्हिसा खलास झाला की काय कॉर्निशच्या फुटपाथवर झोपणार आहेस?" तू म्हणालास, "फ्लॅट तू बघ, कंत्राटदार. मी जिलब्या बघतो." आणि लिफ्टचं दार लागलं. मी कंत्राटदार नाही, एका कंत्राटी कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे, कुठे किती माल लागेल ते मोजणारा, हे तुला पंचवीस वर्षं सांगून मी दमलो होतो.

मुंज झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तू जरा आडवा झालास आणि उठलाच नाहीस. रमेशदादांचा फोन आला तेव्हा मी मुसफ्फाच्या साइटवर होतो. त्यांनी बातमी सांगितली आणि पाठोपाठ हेही सांगितलं, की काल संध्याकाळीच सगळं उरकलं. "थांबून तरी काय करायचं? थांबण्यासारखं कुणी नव्हतं," ते म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. तू लग्न केलं नाहीस, आई-वडील कधीचे गेलेले. आधी शहरातल्या जुन्या इमारतीत आणि मग इथे अल रीम बेटावर, दोन्हीकडे दाराला दार लावून राहिलेल्या शेजाऱ्याला काय म्हणतात आणि त्याच्यासाठी किती थांबतात, हे कुठल्याच पंचांगात नसतं. मी म्हणालो, "बरोबर आहे." मागे काँक्रीटचा पंप चालू होता, म्हणून ते मला पुन्हा मोठ्याने म्हणायला लागलं.

मग रमेशदादा म्हणाले, "तसा नशीबवान हो बंडू. जन्मभर बाहेर राहिला, पण शेवटी आपल्या घरी, आपल्या मातीत गेला."

ते वाक्य मला पचलेलं नाही. ते तुला मिरजेत बंडू म्हणतात याचं मला काही वाटत नाही. पण बाहेर कुठलं आणि घर कुठलं, यावर तर आपलं भांडण चालू होतं. ते भांडण अर्ध्यावर असताना रमेशदादांनी एका वाक्यात निकाल लावून टाकला, आणि तोही माझ्या बाजूने.

*

भांडणाची सुरुवात तुझ्या त्या ग्रीकांनी केली. इरा, माझी मुलगी, आठवीत होती आणि तू तिच्या शाळेत इतिहास शिकवायचास. पुस्तकात प्राचीन ग्रीकांना दोन-तीन पानं होती, तू त्यांच्यावर अर्धं वर्ष घालवलंस. मुख्याध्यापिका सिलॅबस संपवा म्हणून मागे लागायच्या. तू इन्शाल्ला म्हणायचास आणि पुन्हा अथेन्सच्या बाजारात शिरायचास. ते सकाळी उठून काय खात, तर जवाच्या पिठाचा गोळा, ऑलिव्ह, कांदा, कधी खारवलेला मासा. मटण फक्त देवाला बळी दिला की. साबण नाही, अंगाला तेल चोळायचं आणि वाकड्या पट्टीने खरवडून काढायचं. बाजारहाट पुरुषांनी करायचा आणि तिथेच उभं राहून तासन्तास वाद घालायचे. "म्हणजे तुझ्यासारखे रिकामटेकडे," मी म्हणायचो. तुला ते फार आवडायचं.

एकदा इरा शाळेतून हसत हसत आली. तू वर्गाला शिकवलं होतंस की अथेन्सचे लोक मडक्याच्या खापरीवर नाव कोरून एखाद्या डोईजड माणसाला शहराबाहेर काढत. मग प्रात्यक्षिक म्हणून तू खापऱ्या वाटल्यास. त्या खापऱ्या मेधाची तडा गेलेली कुंडी फोडून केल्या होत्यास, हे आम्हाला मागून कळलं. एका तासापुरतं वर्गातून कुणाला हद्दपार करायचं ते मुलांनी लिहायचं होतं. सगळ्या वर्गाने तुझं नाव लिहिलं. आणि तू गेलास. पूर्ण तास कॉरिडॉरमध्ये डबा खात उभा राहिलास. मुख्याध्यापिका आल्या तेव्हा त्यांना सांगितलंस की लोकशाहीचा निर्णय आहे, माझा इलाज नाही. हद्दपार झालेल्याची घरदार-मालमत्ता कुणी काढून घेत नसे, मुदत संपली की तो परत येऊ शके, हे तू मुलांना दारातून डोकं आत घालून सांगितलंस. इराला ते अजून पाठ आहे.

त्याच वर्षी ग्रीक दिवस झाला आणि साबुदाण्याचा घोटाळा. तू पालकांना निरोप पाठवला होतास की ग्रीकांना माहीत असलेले पदार्थच डब्यात द्या. मिरची, टोमॅटो, बटाटा असलं काही नको, ते त्यांच्याकडे पोचलंच नव्हतं. आमच्या मराठी आयांनी आपसात फोनाफोनी केली. प्राचीन म्हणजे सात्त्विक, सात्त्विक म्हणजे उपासाचं, असा अर्थ लावला आणि झाडून सगळ्या घरांतून साबुदाण्याची खिचडी आली. हिरवी मिरची, बटाटा आणि दाण्याचं कूट घालून. संध्याकाळी तू आमच्याकडे उरलेली खिचडी खात बसलास आणि हसून हसून तुला ठसका लागला. "कंत्राटदार, यातला साबुदाणा अमेरिकेतल्या कंदाचा. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची. आपलं काय, तर तूप, जिरं आणि मीठ. आणि हे देवाला चालतं." मेधा थोडी रागावली होती. तू तिला म्हणालास, "वहिनी, मिरचीला कुणी विचारतं का, तुझं गाव कुठलं म्हणून? ती आली, राहिली, आणि आता तिच्याशिवाय तुमचा उपास होत नाही."

मी तेव्हा हसलो होतो. तू हळूच आपल्या भांडणाचा मुद्दा सरकवलास हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मुद्दा मेटिकांचा होता. अथेन्समध्ये बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांना मेटिक म्हणत, हे तू आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलंस. त्यांना जमीन घेता येत नसे, मत नसे, डोईपट्टी भरावी लागे, आणि पाठीशी एक अथेन्सचा माणूस असावा लागे. मी टाळी दिली. "हा तर आपल्या व्हिसाचा जामीन, कफील झाला! बघ, तुझ्याच ग्रीकांनी सांगितलं. आपण मेटिक. कितीही वर्षं राहा, बॅग भरलेली ठेवायची." मी पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलेला माणूस. वर्षातून एकदा जाऊन त्याच्या खिडक्या उघडतो, नळ सोडतो, पुन्हा बंद करून येतो. तू डोकं हलवलंस. म्हणालास, मेटिकांनीच तिथली मडकी घडवली, देवळाचे दगड तासले, पेढ्या चालवल्या. शहराच्या मोठ्या मिरवणुकीत ते जांभळे झगे घालून नैवेद्याची तबकं घेऊन चालत. आणि तिथेच म्हातारे होऊन मरत. त्यांच्या थडग्यावर नाव असे आणि पुढे गाव, अमुक, मिलेटसचा. "सगळं आयुष्य अथेन्समध्ये, माती अथेन्सची, आणि दगडावर गाव मिलेटस. दोन्ही त्याचंच. त्याला कुणी एक निवड म्हटलं नाही. तू का म्हणतोस?"

मी म्हणायचो, कारण आपल्याला इथे दगडसुद्धा मिळणार नाही. तू म्हणायचास, दगडाचं काय घेऊन बसलास, जेवण वाढ.

तुझ्या ग्रीकांचा मी काही लाड केला नाही. मी म्हणालो होतो, की तुझे लोक बाजारात उभे राहून शहाणपण करू शकले कारण घरी गुलाम राबत होते, आणि बायका दाराआड होत्या. तू ते कधी झाकलं नाहीस. "हो," एवढंच म्हणालास. बाहेर दोरावर लटकलेला माणूस आपल्या टॉवरच्या काचा पुसत होता, तू त्याच्याकडे बघितलंस, हात केलास, त्यानेही केला. "हो. आणि ते विसरून त्यांच्या गोष्टी सांगणारा मास्तर फसवा समजावा."

*

आज मला हे सगळं भराभर आठवतंय आणि कुठेच थांबता येत नाहीये. एका आठवणीपाशी बसावं म्हटलं की दुसरी हात ओढते.

माझी जुनी कंपनी बुडाली तेव्हाचं तरी सांगू दे. इरा सहावीत असेल. मी घरात बसून होतो, व्हिसाची मुदत सरत होती आणि मेधासमोर मी काळजी नसल्याचं नाटक करत होतो. तू धीराचं एक वाक्य बोलला नाहीस. एका सकाळी दार वाजवून म्हणालास, "मला क्वांटिटी सर्व्हेअर पाहिजे." शाळेच्या क्रीडादिनाला तुला ग्रीकांसारखी ढाली-शिरस्त्राणं घालून शर्यत लावायची होती आणि पुठ्ठा किती लागेल ते तुला कळत नव्हतं. मी तुला वेड्यात काढलं. आणि मग फ्रिज-एसीच्या दुकानांतून खोकी गोळा करत फिरलो, गोल कापले, मुठी बसवल्या, एका खोक्यात किती ढाली निघतात आणि किती वाया जातं ते काढलं. शर्यतीत निम्मी मुलं शिरस्त्राण डोळ्यांवर घसरून एकमेकांवर आपटली. त्या महिन्यात मी रात्री झोपू शकलो ते त्या पुठ्ठ्यामुळे. मेटिकाच्या पाठीशी एक माणूस असावा लागतो म्हणालास ना. माझ्या पाठीशी तू होतास, आणि तू तर माझ्याहून मोठा उपरा. त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तू पळून गेला असतास.

आणि मग शनिवार. सुट्टी शुक्रवारची होती तेव्हा शुक्रवार, सरकारने बदलली तेव्हा शनिवार, पण जेवण आमच्याकडे हे ठरलेलं. ग्रीक लोक द्राक्षाची दारू पाण्याशिवाय पीत नसत, निव्वळ पिणं म्हणजे रानटीपणा. पंगतीला एक राजा नेमत, पाणी किती घालायचं ते तो सांगे. तू दारू पीत नव्हतास, म्हणून आपण कोकमाच्या आगळाची पंगत केली. दुबईत देऱ्यातल्या कोकणी दुकानातून तू आगळाच्या बाटल्या आणायचास, स्टीलच्या मोठ्या पातेल्यात ओतायचास आणि फासा टाकून राजा ठरवायचास. मी राजा झालो की आंबट ढाण करायचो. इरा साखरच साखर घालायला लावायची. तू राजा झालास की तुझी वाट बघावी लागायची, कारण तू कधीच वेळेवर आला नाहीस. दोन पावलांवर घर, आणि तुला यायला अर्धा तास. पानं घेतली की मेधा स्वयंपाकघरातूनच आवाज द्यायची, "भाऊजी, चला," आणि तू तुझ्या दारातून ओरडायचास, "आलोच." अन्न गार व्हायचं. तुझ्याआधी जेवायला बसायचं मात्र कुणाच्या मनात यायचं नाही.

अशाच एका शनिवारी तू ती हाकांची गोष्ट सांगितलीस. समुद्रावर फिरणारी माणसं ती, कुणी कुठे मरेल याचा नेम नाही. परक्या मुलखात सोबती मेला आणि त्याला तिथेच ठेवून निघावं लागलं, तर निघण्याआधी ते त्याला नावाने तीनदा हाक मारत. म्हणजे त्याचा जीव तिथे भटकत न राहता यांच्याबरोबर घरी येई. इरा म्हणाली, "दॅट इज सो सॅड, सरकाका." ती तुला सर आणि काका दोन्ही एकदम म्हणायची. तू म्हणालास, "सॅड कसलं? तो येतो ना."

मी संधी सोडतोय होय. "तुला कुठून हाक मारायची, बोल. मी सांगतो, मिरजेहून. तू इथे मरशील आणि तुझ्या भावाला कृष्णेच्या घाटावर उभं राहून तुला बोलवावं लागेल."

तू पानातली चटणी बोटाने पुसत म्हणालास, "जिथे माझ्यावाचून जेवण खोळंबेल, तिथून मारा."

"हे उत्तर नाही," मी म्हणालो.

"बरं," तू म्हणालास. एवढ्यावर ते राहिलं.

*

काल ऑफिस सुटल्यावर इरा दुबईहून आली. तिच्या ऑफिसने तिला रजा दिली नाही, कारण 'नेबर' हे नातं त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नाही. तिने बॅग टाकली आणि सरळ तुझ्या दाराशी जाऊन उभी राहिली. किल्ली माझ्याकडे आहे. आत जाऊन आम्ही दोघंही काही न करता परत आलो. रमेशदादांचं म्हणणं आहे की सामान तिकडेच काढून टाका, आणायला कोण येणार. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं आहे. हद्दपार माणसाचं घर कुणी काढून घेत नसे म्हणालास. इथे मालकाच्या ऑफिसला ते कसं समजावू?

इरा म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टू डू द कॉल."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी चिडलो. म्हटलं, काय पोरखेळ आहे, तो त्याच्या गावी गेला, भावाने अग्नी दिला, अस्थी कृष्णेत गेल्या, सगळं रीतसर झालं. ती हलली नाही.

"एक्झॅक्टली. दे वोन्ट कॉल हिम. दे थिंक ही इज ऑलरेडी होम."

मी लिफ्टपर्यंत गेलो आणि परत आलो. मास्तर, तुला यातली खोच कळतेय ना? हाक मारायची ती परक्या मुलखात मेलेल्याला. अल रीमवरून तुला हाक मारायची तर मिरज परका मुलूख ठरतो. म्हणजे मी हरलो. म्हणजे पुण्याच्या त्या बंद फ्लॅटचे नळ मी इतकी वर्षं कशासाठी सोडत आलो? मी तिला म्हणालो, मी विचार करतो. ती म्हणाली, "यू ऑलवेज से दॅट." हे ती तुझ्याकडून शिकली.

आज शनिवार. सकाळी मेधाने न विचारता साबुदाणा भिजवला. अकराच्या सुमारास इरा चपला घालून दारात उभी राहिली आणि मीही कसा कोण जाणे, चपला घातल्या. मेधाला म्हटलं, चल. ती म्हणाली, "माझे हात तुपाचे आहेत, तुम्ही जा." आणि परातीतून वर न बघता, दर शनिवारच्या आवाजात, ना मोठा ना बारीक, तिने हाक दिली, "भाऊजी, चला, पानं घेते."

समोरच्या दारातून 'आलोच' आलं नाही. मेधा ओट्याकडे वळली. इरा हळूच म्हणाली, "दॅट्स वन."

खाली ऊन रणरणत होतं. आम्ही पाण्याकडे निघालो, मनात होतं की समुद्राकडे तोंड करून हाक मारावी. इराने फोनवर होकायंत्र उघडलं आणि मिरजेची दिशा काढली. ती समुद्राकडे नव्हतीच. ती निघाली बरोबर उलटी, अर्ध्या बांधलेल्या टॉवरकडे, जिथे नुसते कुंपणाचे पत्रे आणि क्रेन. तू असतास तर पोट धरून हसला असतास. कंत्राटदार, तुझ्यासाठी योग्य जागा. आम्ही त्या पत्र्यांसमोर जाऊन उभे राहिलो. इराने डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, "सरकाका!" आवाज पत्र्यावर आपटून मागे आला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती माझ्या खांद्याला चिकटली. लहानपणीसुद्धा ती अशी चिकटत नसे.

फाटकावरच्या सावलीतून वॉचमन उठून आला. बहुधा नेपाळी असावा. "किसको बुला रहे हो, साहब?"

"दोस्त को."

"अंदर काम करता है?"

"नहीं."

"फोन नहीं उठाता?"

"नहीं उठाता," मी म्हणालो.

त्याने आमच्याकडे बघितलं, इराकडे जरा जास्त वेळ बघितलं. "आएगा?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो. तो जाऊन पुन्हा सावलीत बसला आणि दुसरीकडे बघू लागला, आमची अडचण होऊ नये म्हणून.

तिसरी हाक माझी होती. तुझं नाव श्रीपाद. ते फक्त तुझ्या एमिरेट्स आयडीवर होतं, मी ते कधी तोंडाने घेतलं नाही. एकदा घेऊन बघितलं तर कुणा अनोळखी माणसाला बोलावल्यासारखं वाटलं. मग मी नेहमीचं घेतलं. "मास्तर" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. पंचवीस वर्षं मी तुझ्याशी मोठमोठ्याने भांडलोय, शेजाऱ्यांनी तक्रार करेपर्यंत, आणि नेमका आज आवाज नाही. इरा म्हणाली, "बाबा, प्लीज." मी तुझ्यावर भयंकर चिडलो, इतका जोरात चिडलो की त्या चिडण्यातच हाक निघाली. मास्तर. क्रेनवरच्या माणसाने खाली वाकून बघितलं.

मग आम्ही वर आलो.

मेधाने चार पानं घेतली होती. मुद्दाम नाही, सवयीने. लक्षात आल्यावर चौथं उचलायला तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. इराने पातेल्यात आगळ ओतलं, फासा टाकला, तुझाच आकडा खरंच आला की तिने नुसतं तसं म्हटलं, हे मला माहीत नाही, पण राजा तू आहेस आणि पाणी किती घालायचं ते सांगायला तू नाहीस. पातेलं तसंच लालभडक, बिनपाण्याचं, मध्ये ठेवलंय.

खिचडी वाढून बराच वेळ झाला. साबुदाणा गार झाला की त्याची काय गत होते ते तुला माहीत आहे. इराला भूक लागली की ती चिडते, ती चिडली आहे आणि तरी हात लावत नाही. मेधा पानाकडे बघत बसली आहे. मी ओट्याशी उभा राहून हे लिहितोय आणि मधूनमधून दाराकडे बघतोय. कुणीच सुरुवात करत नाहीये.

जेवण खोळंबलंय, मास्तर.